प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह: पहिले १६ आठवडे

'एक्झॅसर्बेट' म्हणजे काय असं विचारलं, तर परीक्षेची तयारी करणारी बरीच मुलं चटकन सांगतात, 'बिघडवणे, तीव्र करणे'. त्याच शब्दाचं वाक्य करायला सांगितलं की 'ही एक्झॅसर्बेटेड माय मोबाइल' असं काहीतरी येतं. मोबाइल बिघडवता येतो, पण तो एक्झॅसर्बेट करता येत नाही. हे क्रियापद लागतं ते आधीच वाईट असलेल्या गोष्टीला: टंचाई, वाद, आजार, कोंडी. म्हणजे अर्थ पाठ आहे, शब्द मात्र अजून आलेला नाही.

इंग्रजीचे अवघड शब्द शिकताना सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते. ५००० शब्दांची यादी आणि प्रत्येकापुढे एकेक मराठी अर्थ, एवढं पाठ करून महिन्याभरात हातात फार थोडं उरतं. शब्द त्याच्या शेजाऱ्यांसकट शिकायचा असतो: तो कोणाबरोबर येतो, कोणाबरोबर येत नाही, त्याच्यामागे कोणतं अव्यय (टू, ऑफ, फ्रॉम यांसारखं) लागतं, तो घरातला आहे की कागदावरचा. खालची पद्धत रोज ३५ ते ४० मिनिटं मागते आणि आठवड्याला ३५ शब्द देते. आकडा लहान वाटेल, पण हे शब्द वापरता येतात.

आधी आपण कुठे आहोत ते मोजा

इंग्रजी वर्तमानपत्रातले तीन वेगवेगळ्या विषयांवरचे लेख घ्या: एक अग्रलेख, एक अर्थकारणाचा, एक विज्ञानाचा किंवा आरोग्याचा. प्रत्येकातले सलग १०० शब्द मोजून चौकट करा. माणसांची आणि गावांची नावं सोडून, अर्थ न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. अंदाजाने कळलेला शब्दही 'न कळलेला' धरायचा. तिन्हींची सरासरी काढा आणि कात्रणं तारीख घालून जपून ठेवा, १६ आठवड्यांनी ती पुन्हा लागतील.

सरासरी २ किंवा कमी आली, तर तुम्ही प्रगत शब्दांना तयार आहात. शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असतील तर उरलेल्या दोघांचा अर्थ संदर्भावरून लागायला लागतो. ३ ते ५ आली तरी सुरुवात करायला हरकत नाही, फक्त वाचायला थोडं सोपं साहित्य निवडा. ५ च्या वर गेली तर अवघड शब्दांच्या यादीला आत्ता हात लावू नका. आधी पाया. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक मायकल वेस्ट पूर्वी बंगालमध्ये शिक्षण खात्यात होते. त्यांनी १९५३ साली सुमारे २००० अतिवापराच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिची नवी, अद्ययावत रूपंही आज उपलब्ध आहेत. हे २००० शब्द पक्के नसताना 'ऑब्सिक्वियस' (लाळघोटा) पाठ करणं म्हणजे जोतं न बांधता कौलं चढवणं.

शब्द कुठून घ्यायचे

दोन ठिकाणांहून. पहिलं, ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट', म्हणजे अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात तयार झालेली ही यादी इंटरनेटवर फुकट मिळते. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, म्हणजे एकेक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं. जास्त वापराच्या शब्दांपासून कमी वापराच्या शब्दांकडे जाणारे तिचे दहा गट आहेत, पहिल्या नऊ गटांत ६० आणि शेवटच्यात ३०. आठवड्याला ३५ या वेगाने ५७० ला १६ आठवड्यांहून दोन-तीन दिवस जास्त लागतात. 'एरिया', 'मेथड' असे आधीच पक्के असलेले शब्द गाळायचे.

गाळून झालेली जागा भरायची ती दुसऱ्या ठिकाणाहून, म्हणजे तुमच्या स्वतःच्या वाचनातून. तिथे एकच नियम: एखादा शब्द १५ दिवसांत दोनदा भेटला तरच वहीत घ्या. दिसलेला प्रत्येक शब्द टिपायला गेलात तर वाचनाची मजा जाते आणि आठवड्यात वही बंद पडते.

परीक्षेसाठी शिकत असाल तर प्रश्नांचं स्वरूप बघून घ्या. स्टाफ सिलेक्शनच्या पदवी स्तरावरच्या परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात. तिथे समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द थेट विचारतात, पण गाळलेल्या जागांचा उताराही असतो. परदेशी विद्यापीठांसाठीच्या जीआरईने तर २०११ साली विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढूनच टाकले. आता तिथे वाक्यातल्या रिकाम्या जागेत बसणारा शब्द निवडायचा असतो, आणि तो शेजारी ओळखल्याशिवाय बसत नाही.

कोश बदला

इंग्रजी-मराठी ॲप शेवटी उघडायचं, आधी नाही. सुरुवात 'लर्नर्स' प्रकारच्या इंग्रजी-इंग्रजी कोशाने करा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश ऑनलाइन फुकट आहेत. ते इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेले असल्यामुळे व्याख्या सोप्या शब्दांत असते. लाँगमनने १९७८ च्या पहिल्या आवृत्तीपासून व्याख्यांसाठी सुमारे २००० शब्दांचीच मर्यादा घालून घेतली. शिवाय शब्दामागे कोणतं अव्यय येतं, क्रियापदाला कर्म लागतं की नाही, शब्द औपचारिक आहे का, हे सगळं तिथे खुणेने दिलेलं असतं. इंग्रज वाचकांसाठीच्या मोठ्या कोशात एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दाने दिलेला असतो, आणि नवशिका गोल गोल फिरत राहतो.

'स्केल' (स्पेलिंग SkELL) नावाचं एक फुकट संकेतस्थळ आहे. त्यात शब्द टाकला की तो खऱ्या लिखाणात कोणाकोणाबरोबर येतो त्याची यादी दिसते. शेजारी टिपायला याहून सोपं साधन आमच्या माहितीत नाही.

एका शब्दाची पूर्ण नोंद

२०० पानी वही घ्या, एका पानावर दोनच शब्द. 'एक्झॅसर्बेट'ची नोंद अशी होईल.

स्पेलिंग मोठ्या अक्षरांत. चूक होते ती 'एक्स-ए'नंतरच्या 'सी'वर. बरेच जण तिथे 'एस' लिहितात. 'सी'खाली लाल रेघ.

उच्चार 'इग्झॅसर्बेट', जोर 'झॅ'वर. कोशातलं ध्वनिचित्र दाबून तीनदा ऐका, तीनदा मोठ्याने म्हणा. देवनागरीत उच्चार लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारायला विसरू नका. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत जोर चुकला की ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला कळत नाही.

अर्थ, तुमच्या रोजच्या मराठीत. इथे मराठीकडे अगदी नेमका शब्द आहे: चिघळवणे. जखम चिघळते, वाद चिघळतो, संप चिघळतो. चांगली गोष्ट कधी चिघळत नाही. 'तीव्र करणे' या कोशातल्या अर्थातून हा बारकावा निसटतो, 'चिघळवणे'तून तो आपोआप मिळतो.

व्याकरण. 'चिघळणे'ला कर्म लागत नाही, पण एक्झॅसर्बेटला लागतं. म्हणून 'द प्रॉब्लेम एक्झॅसर्बेटेड' हे वाक्य चूक. 'द रेन एक्झॅसर्बेटेड द प्रॉब्लेम' किंवा 'द प्रॉब्लेम वॉज एक्झॅसर्बेटेड बाय द रेन' असं लिहायचं. मराठी मनातून ही चूक हमखास येते, ती नोंदीत आधीच लिहून ठेवा.

शेजारी, निदान चार: प्रॉब्लेम, शॉर्टेज, टेन्शन्स, सिम्प्टम्स.

मूळ, असेल आणि कळत असेल तरच. लॅटिन 'आकेर्बुस' म्हणजे कडवट, कठोर. 'असर्बिक' म्हणजे झोंबणारी टीका, तीही त्यातलीच.

शेवटी दोन वाक्यं: एक कोशातलं जसंच्या तसं, एक तुमचं आणि खरं. 'टँकर उशिरा आल्याने सोसायटीतली पाणीटंचाई आणखी वाढली' हे इंग्रजीत लिहा. आपल्या गल्लीतलं वाक्य लक्षात राहतं, लंडनच्या धुक्याचं राहत नाही.

एका शब्दाला ३ ते ४ मिनिटं लागतात. रोज ७ शब्द, आठवड्यातून ५ दिवस. उरलेले दोन दिवस नवा शब्द घ्यायचा नाही.

मराठी अर्थ मराठीत लिहा

कोशात 'प्रॅग्मॅटिक'ला 'फलप्रामाण्यवादी' असा अर्थ सापडेल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो बरोबर आहे. पण वर्तमानपत्रातल्या 'प्रॅग्मॅटिक डिसिजन'साठी आपल्याकडे 'व्यवहारी' आहे. एका अवघड शब्दाला दुसरा अवघड शब्द लावला की दोन्ही विसरतात. 'मेटिक्युलस'ला काटेकोर, 'फॅस्टिडियस'ला चोखंदळ, 'टॅसिटर्न'ला घुमा, 'गलिबल'ला भोळसट, 'प्रोक्रास्टिनेट'ला चालढकल करणे. 'इफेमरल'ला 'अळवावरचं पाणी' लिहिलंत तर तो शब्द बहुतेक पुन्हा बघावा लागणार नाही.

चांगल्या-वाईट छटेची नोंदही मराठीतच सोपी जाते. 'फ्रूगल' काटकसरी आणि 'स्टिन्जी' कंजूष. 'स्लिम' सडपातळ आणि 'स्किनी' हडकुळा. साहेबांच्या निरोपसमारंभात कौतुक म्हणून 'नोटोरियस' म्हणणारा माणूस त्यांना कुप्रसिद्ध म्हणून बसतो. अर्थापुढे अधिक किंवा उणे अशी खूण करा, तेवढी पुरते.

पातळीचंही तसंच. पाणी, जल, उदक, नीर यांचा अर्थ एकच, पण जेवताना कोणी 'उदक द्या' म्हणत नाही. 'कमेन्स' हे 'बिगिन'चं तसंच भावंड आहे: कार्यक्रमपत्रिकेत शोभतं, मित्राला पाठवलेल्या निरोपात खटकतं. कोशात 'फॉर्मल' अशी खूण असेल तर ती वहीत उतरवा.

मूळ धातू: मराठी माणसाची जमेची बाजू

१७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं मांडलं. शब्द शिकणाऱ्याला त्याचा आजही रोख फायदा होतो. इंग्रजीतले अवघड शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेत आणि मराठीतले तत्सम शब्द संस्कृतातून. 'मॉर्टल' आणि मर्त्य, 'डेंटल' आणि दंत, 'इग्नाइट' आणि अग्नी, 'नॉव्हेल' आणि नव, 'डोनेट' आणि दान, 'पेडेस्ट्रियन' आणि पद, 'सर्पंट' आणि सर्प, 'ज्युव्हेनाइल' आणि युवा ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत. नकार दाखवणारा आपला 'अ' किंवा 'अन' आणि त्यांचा 'इन' किंवा 'अन' हेही नात्यातलेच. 'इम्मॉर्टल' म्हणजे अमर्त्य, अक्षरशः.

सुरुवातीला २५ ते ३० धातू आणि १५ उपसर्ग पुरेत: बघण्याचा 'स्पेक्ट', बोलण्याचा 'डिक्ट', वाहून नेण्याचा 'पोर्ट', विश्वासाचा 'क्रेड', लिहिण्याचा 'स्क्राइब'. मात्र धातू हा आठवण ठेवायचा खुंटा आहे, त्यावरून अर्थाचा निकाल लावू नका. 'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब' दोन्हींत लिहिणंच आहे, पण पहिल्याचा अर्थ लिहून देणं आणि दुसऱ्याचा मनाई करणं. 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा समजणं तर जिवावर बेतेल: त्याचा अर्थ चटकन पेट घेणारा.

शेजारी आणि अव्ययं

आपला चहा कडक असतो, त्यांचा 'स्ट्राँग'. 'हार्ड टी' होत नाही. वाराही 'स्ट्राँग' असतो, पाऊस मात्र 'हेवी'. मराठीतही आपण वारा 'सुटतो' आणि पाऊस 'कोसळतो' म्हणतोच, का ते कोणी विचारत नाही. इंग्रजीत ही जोडी ऐकून आलेली नसते, म्हणून ती लिहूनच घ्यावी लागते.

अव्ययं शब्दाला चिकटवूनच पाठ करा, सुटी नकोत: 'अव्हर्स टू', 'कन्ड्यूसिव्ह टू', 'डिव्हॉइड ऑफ', 'अब्स्टेन फ्रॉम', 'ॲम्बिव्हॅलन्ट अबाउट'. उलट काही ठिकाणी अव्यय लावायचंच नसतं, आणि तिथे मराठी बोलणारे हटकून लावतात. 'विषयावर चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', 'मुद्द्यावर भर' म्हणून 'एम्फसाइज ऑन'. 'डिस्कस' आणि 'एम्फसाइज'ला थेट कर्म लागतं. 'कोप अप विथ'मधला 'अप'ही काढून टाका.

उजळणीचा डबा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली, निरर्थक अक्षरांवर आणि स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो, मग तो मंदावतो. म्हणून सकाळी शिकलेल्या शब्दाची पहिली उजळणी त्याच रात्री व्हायला हवी, रविवारी नव्हे.

सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत बुटांच्या रिकाम्या खोक्यातही जमते. पुठ्ठ्याने त्याचे पाच कप्पे करा. पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली दर २ दिवसांनी, तिसऱ्यातली ४, चौथ्यातली ८ आणि पाचव्यातली १६ दिवसांनी बघायची. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. एक शब्द न चुकता पाचही कप्पे पार करायला महिनाभर घेतो. रोज साधारण ३० ते ४० कार्डं येतात, १० मिनिटांचं काम.

कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि मागे अर्थ, असं करू नका. पुढे रिकामी जागा ठेवलेलं वाक्य आणि शब्दाचं पहिलं अक्षर, मागे पूर्ण शब्द. शब्द बघून अर्थ ओळखणं सोपं असतं. अर्थावरून शब्द आठवणं हेच बोलताना आणि लिहिताना लागतं.

'अँकी' हे ॲप हेच काम हिशेबाने करतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. त्यात दोन फसगती होतात. एक, दुसऱ्याने बनवलेला हजारो कार्डांचा तयार गठ्ठा उतरवून घेणं. त्यातलं एकही वाक्य आपलं नसतं, आठवड्यात शेकडो कार्डं थकतात आणि ॲप उघडायची धास्ती वाटते. दुसरी, उत्तर बघितल्यावर 'हे येतच होतं' म्हणून बरोबरची खूण दाबणं. आधी तोंडाने उत्तर द्या, मगच कार्ड उलटा.

कुठे बिघडतं

समानार्थी शब्द एका दिवशी शिकल्याने. तयार याद्यांत 'गॅर्युलस, लोक्वेशस, व्हर्बोस' एका ओळीत देऊन शेवटी विरुद्धार्थी 'टॅसिटर्न' टाकलेला असतो. नवे असताना असे शब्द एकमेकांत गुंततात आणि चारांतला कोणता घुमा, कोणता बोलघेवडा हेच आठवत नाही. एक पक्का होऊन तिसऱ्या कप्प्यात गेला की मगच त्याचा भाऊ घ्या. सारख्या दिसणाऱ्यांनाही हेच लागू: 'इन्जीनियस' कल्पक आणि 'इन्जेन्युअस' निष्पाप, 'डिसइंटरेस्टेड' निःपक्ष आणि 'अनइंटरेस्टेड' रस नसलेला.

ओळखीच्या शब्दाने गाफील केल्याने. 'लोन सँक्शन झालं' हे आपण रोज बोलतो, पण बातमीत एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादली तर ते निर्बंध असतात. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. 'इव्हेन्च्युअली' म्हणजे कदाचित नव्हे, अखेरीस.

स्पेलिंगवरून उच्चार केल्याने. 'एपिटोम' नाही, 'इपिटमी'. 'हायपरबोल' नाही, 'हायपर्बली'. 'सटल'मधला 'बी' मुका आहे, आणि 'सूट' समजून वाचलेला हॉटेलातला 'स्वीट' मिठाई नव्हे, खोल्यांचा संच. 'व' आणि 'व्ह' यांचा भेदही पाळा: 'वेन' म्हणजे ओसरणे, 'व्हेन' म्हणजे पोकळ गर्व असलेला. मराठी लिहिताना आपण हा फरक करतो, बोलताना ओठ दाताला टेकवायचं तेवढं राहून जातं.

आणि साधा शब्द खोडून तिथे भारी शब्द बसवल्याने. निबंधात 'यूज'च्या जागी सगळीकडे 'युटिलाइज' घातल्याने लिखाण प्रगत होत नाही, जड होतं. साध्या शब्दाने न सांगता येणारं काही सांगायचं असेल तेव्हाच नवा शब्द काढा.

वापर आणि फेरतपासणी

सातव्या दिवशी आठवड्यातल्या ३५ पैकी कोणतेही ६ शब्द घेऊन १५० शब्दांचा एक परिच्छेद लिहा. विषय जवळचा घ्या: गावचा बाजार, लोकलचा प्रवास, बँकेतलं काम. सहाच्या सहा शब्द ओढूनताणून बसवू नका, चार नीट बसले तरी चालेल. लिहून झाल्यावर प्रत्येक नव्या शब्दाचे डावे-उजवे शेजारी 'स्केल'वर तपासा. जोडी तिथे सापडलीच नाही तर वाक्य बदला.

चार-पाच दिवस खंड पडला तर साचलेली सगळी कार्डं एका बैठकीत उरकायला बसू नका. दोन-तीन दिवस नवे शब्द थांबवा, पहिला कप्पा रिकामा करा, मग दुसरा. वही पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळा; त्यात पहिले पन्नास शब्दच पुन्हा पुन्हा पाठ होत राहतात.

१६ आठवडे झाले की ती जुनी कात्रणं काढा. त्याच चौकटींतले रेघ मारलेले शब्द आधी बघा, मग त्याच विषयांवरच्या तीन ताज्या लेखांत १०० शब्दांच्या नव्या चौकटी करा. जुन्यातले शब्द कळले पण नव्या चौकटींत रेघा तितक्याच राहिल्या, तर तुम्ही यादी जास्त आणि वाचन कमी केलंत: पुढचा महिना रोजचे शब्द ७ वरून ४ वर आणा आणि वाचलेला वेळ त्याच विषयांवरच्या लेखांना द्या. रेघा कमी झाल्या पण परिच्छेद लिहिताना शब्द सुचत नसतील, तर कार्डं तपासा. पुढच्या बाजूला वाक्याऐवजी नुसता शब्द लिहिलेली बरीच सापडतील. ती बाजूला काढून रोज दहा या वेगाने नव्याने लिहा.